मटणवाल्याच्या दुकानापासून चाळीसच्या लेन्सपर्यंत: स्वायत्त गँग्लिऑन बघायला शिकताना

दर पावसाळ्यात जर्नलं तपासायला घेतली की एक चित्र हमखास निघतं. गोल गोल पेशी, प्रत्येकीच्या बरोबर मधोमध केंद्रक, भोवती मण्यांची अखंड माळ, आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘सिंपथेटिक गँग्लिऑन’. गँग्लिऑन म्हणजे मेंदू-मज्जारज्जूबाहेरची चेतापेशींची गाठ. सिंपथेटिक, मराठीत अनुकंपी, ही स्वायत्त चेतासंस्थेची, म्हणजे हृदय-आतड्यांसारखे अवयव आपोआप चालवणाऱ्या संस्थेची, एक शाखा. चित्र सुबक असतं, फक्त ते सिंपथेटिकचं नसतं. ते मज्जारज्जूच्या मागच्या मुळावर बसलेल्या संवेदी गँग्लिऑनचं असतं. पोरांनी ते मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेलं असतं, आणि मागच्या वर्षीच्या पोराने त्याच्या मागच्या वर्षीच्या.

मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेते. हा लेख पहिल्यांदा हातात स्लाइड घेणाऱ्यांसाठी आहे. त्यातून एकच सवय लागली तरी पुरे: पेशीकडे बघत बसू नका, पेशीच्या भोवती काय आहे ते बघा. स्वायत्त गँग्लिऑनची सगळी ओळख भोवतालात आहे.

आधी हातखंब्याचा तिठा

मुंबईहून महामार्गाने येणारा माणूस हातखंब्याला उतरतो आणि रत्नागिरीची दुसरी गाडी धरतो. स्वायत्त गँग्लिऑन म्हणजे हा तिठा. मज्जारज्जूत किंवा मेंदूच्या देठात बसलेली पहिली पेशी आपला तंतू इथपर्यंत पाठवते. इथे तो दुसऱ्या पेशीला निरोप देतो, आणि त्या दुसऱ्या पेशीचा तंतू पुढे हृदय, आतडं, रक्तवाहिनी, ग्रंथी जिथे जायचं तिथे जातो. पहिला तंतू गँग्लिऑनपूर्व, दुसरा गँग्लिऑनोत्तर. गाडी बदलते ती जागा म्हणजे सिनॅप्स.

संवेदी गँग्लिऑन हे वाटेत लागणारं गाव आहे, गाडी न थांबता निघून जाते. तिथल्या पेशी तंतूच्या कडेला लटकलेल्या असतात, त्यांच्यावर कुणी येऊन निरोप देत नाही. म्हणून त्यांना फांद्या नसतात, त्या गोल असतात आणि भोवतीच्या उपग्रह पेशींचं, म्हणजे चेतापेशीला बिलगून बसणाऱ्या लहान आधार पेशींचं, कुंपण सलग राहतं. स्वायत्त पेशीला निरोप घ्यायचा असतो, म्हणून तिला वृक्षिका, म्हणजे निरोप घेणाऱ्या फांद्या, फुटतात, आणि त्या कुंपणातूनच बाहेर पडाव्या लागतात. एवढं कळलं की पुढचं अर्धं काम झालं.

अनुकंपी साखळीची गँग्लिऑन पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना असतात. पोटात महारोहिणीसमोर आणखी काही मोठी असतात. परानुकंपीची, म्हणजे स्वायत्त संस्थेच्या दुसऱ्या शाखेची, डोक्यात चार ठळक, बाकी बहुतेक थेट अवयवाच्या भिंतीत किंवा अगदी जवळ. आतड्याच्या भिंतीतली तर स्वतःचंच राज्य चालवतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

तुकडा कुठून आणायचा

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवायला सांगितलं. गँग्लिऑनसाठी त्याची अडचण येत नाही. रविवारी सकाळी सहाला मटणवाल्याकडे जायचं, बस्स. आपल्यासाठी म्हणून एकही जीव मारला जात नाही.

बकरा मागच्या पायांवर टांगलेला असतो. काळीज, फुप्फुसं बाहेर निघाली की रिकाम्या छातीत आत डोकवा. बरगड्या कण्याला जिथे मिळतात तिथे आतून चकचकीत पातळ पापुद्रा असतो. त्या पापुद्र्याखाली, बरगड्यांच्या डोक्यांवरून, कण्याच्या बाजूने एक पांढुरका दोरा उतरत गेलेला दिसेल. दर बरगडीपाशी तो जरा फुगतो. ते फुगीर म्हणजे गँग्लिऑन, जाड तांदळाच्या दाण्याएवढं. पहिल्या बरगडीपाशी दोन-तीन एकत्र होऊन झालेलं ताराकृती गँग्लिऑन असतं, ते बरंच मोठं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

पहिल्या खेपेला आमच्या मटणवाल्या चाचांनी विचारलं, “ताई, वजडी हवीय की काय हरवलंय?” मी दोरा दाखवला. ते म्हणाले, “ही होय? ही तर आम्ही बोटाने खरवडून टाकतो.” तेव्हापासून एक धड माझ्यासाठी न खरवडता ठेवतात.

इथे मी आपटले ते सांगून ठेवते. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने सहा तुकडे आणले, त्यातल्या चार लसिकागाठी निघाल्या. चरबीत दोन्ही सारख्याच दिसतात. आता मी असं करते: चिमट्याने गाठ उचलते आणि हलकेच ओढते. गँग्लिऑन असेल तर वरचा आणि खालचा दोरा दोन्ही ताणले जातात. लसिकागाठ चरबीतून सुटी होऊन हातात येते. शंका असली तर तुकडा घेऊच नये.

चेतापेशी लवकर बिघडतात. कापल्यापासून जितक्या लवकर टिकवणाऱ्या द्रावात जाईल तितकं बरं, तासाभराच्या आत गेलं तर उत्तम. म्हणून बाटली सोबत न्यायची. घरी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी बघू म्हणणाऱ्याला नंतर फक्त भोकं दिसतात.

टिकवणं

एक लिटर द्रावासाठी, म्हणजे फॉर्मलिनसाठी, बाजारातलं फॉर्मॅल्डिहाइड 100 मिली, पाणी 900 मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4 ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. फॉस्फेट टाळू नका, नाहीतर द्राव आंबट होत जातो आणि ऊतीत तपकिरी कण बसतात. तुकड्याच्या दहा-वीस पट द्राव, चोवीस तास. बाटली पडवीत उघडा, बंद खोलीत नको, हातमोजे घाला, आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत ठेवलंत तर वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा. घरात आजी असतात.

द्रावात टाकण्याआधी गँग्लिऑन वर-खालच्या दोऱ्यासकट जाड कागदाच्या पट्टीवर सरळ आडवं लावा, दोन्ही टोकं मिनिटभर चिकटू द्या, मग पट्टीसकट बुडवा. सुटं टाकलं तर ते वळतं आणि पुढे काप तिरका जातो. आपल्याला लांबीत काप हवा, म्हणजे एका बाजूने तंतू आत शिरताना आणि दुसरीकडून बाहेर पडताना एकाच स्लाइडवर दिसतात. चेतातंतूंची जोडणी समजायची तर हे पट्टीचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

अल्कोहोल, मेण आणि कोकणची हवा

तुकड्यातलं पाणी काढायचा क्रम सगळीकडे सारखाच: 70 टक्के, 90 टक्के, मग शुद्ध अल्कोहोल दोनदा, एवढ्या तुकड्याला प्रत्येकी तास पुरतो. मग झायलीनमध्ये पारदर्शक होईपर्यंत, मग 58 ते 60 अंशांच्या वितळलेल्या मेणात दोनदा.

पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे जुलै. आमच्याकडे पावसाळ्यात शुद्ध अल्कोहोल दोन-चार दिवसांत शुद्ध राहत नाही, झाकण उघडलं की ते हवेतलं पाणी ओढतं. तुकडा झायलीनमध्ये टाकला की झायलीन दुधाळ होतं. दुधाळ म्हणजे तुकड्यात पाणी आहे. तसंच पुढे रेटलं तर मेण आत शिरत नाही आणि मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, मधला भाग गळून पडतो. अशा वेळी मागे फिरायचं, नव्या अल्कोहोलमध्ये परत तासभर. बाटलीच्या तळाशी भाजून पांढरं केलेलं मोरचूद गाळणकागदाच्या पुडीत ठेवा. ते निळं पडलं की अल्कोहोल बदलायची वेळ झाली.

उलट मे महिन्यात मेणाचा ठोकळा मऊ पडतो आणि काप गोळा होतात. ठोकळा दहा मिनिटं बर्फावर ठेवून कापा. साध्या रंगासाठी 5 ते 6 मायक्रॉन, निसलचे कण, म्हणजे चेतापेशीच्या अंगातले रंग धरणारे कण, बघायचे तर 10.

रंग

दोन स्लाइड करा. एक हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची, एक क्रेसिल व्हायोलेटची.

हिमॅटॉक्सिलिननंतर नळाखाली धुतलं की लालसर जांभळा रंग निळा होतो असं पुस्तक सांगतं. त्याला अल्कधर्मी पाणी लागतं. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपून येतं, अगदी मऊ. वीस मिनिटं धुतलं तरी केंद्रकं किरमिजीच राहतात. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला, दोन मिनिटांत निळी होतात. सोड्यानंतर नीट धुवा, नाहीतर इओसिन धरत नाही.

क्रेसिल व्हायोलेट 0.1 टक्के, पाच ते दहा मिनिटं. सगळी स्लाइड जांभळी होते, घाबरू नका. खरं काम पुढे, 95 टक्के अल्कोहोलमध्ये जादा रंग उतरवण्यात. दोनदा-तीनदा बुडवायचं, ओलीच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, परत बुडवायची. मागचा पट फिका आणि पेशींच्या अंगातले कण गडद राहिले की थांबायचं. घड्याळ लावून हे होत नाही. पहिल्या दोन-तीन स्लाइडी पांढऱ्याफटक होतील, त्या होऊ द्या.

आता बघा

4 च्या लेन्सवर बाहेरचं संयोजी ऊतीचं आवरण, आत शिरलेल्या त्याच्या पट्ट्या आणि तंतूंच्या जुड्या दिसतील. इथेच अर्धा निकाल लागतो. संवेदी गँग्लिऑनमध्ये पेशी कडेला घोळक्याने असतात आणि तंतू मधून मोकळे जातात. स्वायत्तमध्ये पेशी तंतूंच्या गर्दीत विखुरलेल्या, भातात पडलेल्या वाटाण्यांसारख्या.

40 वर या. एकच पेशी निवडा आणि तिच्यावर दहा मिनिटं घालवा. केंद्रक बहुधा एका बाजूला सरकलेलं असतं, आत गडद केंद्रकी. संवेदी पेशीत ते मधोमध बसतं. निसलचे कण बारीक, अंगभर पसरलेले. आता कडेने फिरा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उपग्रह पेशींची चपटी गडद केंद्रकं मोजा. तीन, चार, मग एक रिकामी जागा, मग आणखी दोन. ही रिकामी जागा म्हणजे स्लाइड खराब झालेली नव्हे. तिथून वृक्षिका बाहेर गेलेली आहे. साध्या रंगात वृक्षिका स्वतः दिसणार नाही, एवढ्या पातळ कापात ती छाटलीच गेलेली असते. दिसतं ते तिचं दार.

पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघताना दोन ठिकाणी फसगत होते.

एक, तपकिरी कण. माणसाच्या गँग्लिऑनच्या फोटोत पेशीत लिपोफ्युसिनचा तपकिरी ढीग दाखवतात. तो वयाबरोबर साठतो. खाण्यासाठी कापलेला बकरा तरुण असतो, त्याच्यात तो जवळजवळ नसतो. नसेल तर काढू नका.

दोन, मोजपट्टी. शेजारच्या केशवाहिनीतली तांबडी पेशी 7 मायक्रॉनची धरून चेतापेशी मोजायची, ही जुनी युक्ती माणसाच्या स्लाइडवर चालते. बकऱ्याची तांबडी पेशी साधारण 3 ते 4 मायक्रॉनचीच, पाळीव सस्तन प्राण्यांत सगळ्यात लहानांपैकी. आमच्या एका मुलीने या हिशेबाने एक पेशी 80 मायक्रॉनची भरवली होती. अनुकंपी पेशी साधारण 20 ते 60 मायक्रॉनमध्ये बसते. आयपीसमधली मोजपट्टी वापरा.

सशाची किंवा गिनी पिगची जुनी स्लाइड कपाटात असेल तर तीही काढा. त्यांच्या अनुकंपी गँग्लिऑनमध्ये दोन केंद्रकांच्या पेशी भरपूर सापडतात. पेशी विभागली जात नाहीये, ती तशीच असते.

तंतू वाचणं

लांबीच्या कापात आत येणाऱ्या जुडीकडे जा. गँग्लिऑनपूर्व तंतूंना बहुतेक ठिकाणी मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचं पातळ वेष्टन असतं. मेणाच्या पद्धतीत मायलिनची चरबी विरघळून जाते, म्हणून आडवा कापलेला तंतू रिकाम्या कड्यासारखा दिसतो, मधे ठिपका. गँग्लिऑनोत्तर तंतू मायलिनविना, त्यांच्या जुड्या लाटांसारख्या सलग गुलाबी, मधून मधून श्वान (Schwann) पेशींची, म्हणजे तंतूंना वेढणाऱ्या पेशींची, लांबट केंद्रकं. साखळी आणि मज्जाचेता यांना जोडणाऱ्या दोन फांद्यांना पांढरी आणि करडी म्हणतात ते यामुळेच. मायलिन ताजेपणी पांढरं चमकतं.

आता नवख्याचा आवडता प्रश्न: “मॅडम, सिनॅप्स कुठे आहे?” या स्लाइडवर नाही. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विषय. तिथे तंतूच्या टोकात निरोप पोचवणाऱ्या द्रव्याच्या, म्हणजे अॅसिटिलकोलिनच्या छोट्या स्वच्छ पिशव्या दिसतात, अधूनमधून गडद गाभ्याच्या मोठ्या. सस्तन प्राण्यांच्या अनुकंपी गँग्लिऑनमध्ये बहुतेक सिनॅप्स वृक्षिकांवर असतात, पेशीच्या अंगावर कमी.

मग कोणता तंतू कुठे गाडी बदलतो हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाआधी कसं कळलं? ही गोष्ट मी दर बॅचला सांगते. 1889 मध्ये केंब्रिजला लँगली आणि डिकिन्सन यांनी मानेतल्या वरच्या गँग्लिऑनवर ब्रशने निकोटीन लावलं. मग खालच्या तंतूला वीज दिली. आधी डोळ्याची बाहुली मोठी व्हायची, आता काही झालं नाही. वीज गँग्लिऑनच्या पुढच्या तंतूला दिली तर मात्र बाहुली मोठी झाली. म्हणजे निकोटीनने तंतू मारला नव्हता, फक्त बदलीची जागा बंद केली होती. एकेका गँग्लिऑनवर निकोटीन लावत जायचं: निरोप थांबला तर तंतू इथे उतरतो, नाही थांबला तर तो नुसता इथून जातोय. तंबाखूच्या एका द्रव्याने सगळा रस्तानकाशा काढून झाला. ‘ऑटोनॉमिक’ हे नावही लँगलीनेच 1898 मध्ये दिलं. पुढे 1934 मध्ये फेल्डबर्ग आणि गॅडम यांनी याच गँग्लिऑनमधून द्रव खेळवून दाखवलं की गँग्लिऑनपूर्व तंतू चेतवला की त्यात अॅसिटिलकोलिन उतरतं.

गँग्लिऑनोत्तर अनुकंपी तंतू मात्र बहुतेक ठिकाणी नॉरअॅड्रिनलिन सोडतो. ठळक अपवाद माणसाच्या घामाच्या ग्रंथींचा, तिथे अनुकंपी तंतूही अॅसिटिलकोलिनच सोडतो. मे महिन्यात दुपारी हा मुद्दा लक्षात ठेवायला वेगळं पाठांतर लागत नाही.

तिठ्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. इथे एका गाडीतले उतारू अनेक रिक्षांत बसतात. माणसाच्या मानेतल्या वरच्या गँग्लिऑनमध्ये पेशी दहा लाखांच्या घरात, आत येणारे तंतू काही हजार. आणि उलटही: एकाच रिक्षात अनेक गाड्यांचे उतारू. एका पेशीवर सहसा अनेक गँग्लिऑनपूर्व तंतू येऊन मिळतात. सशाच्या डोळ्यामागच्या सिलिअरी गँग्लिऑनमध्ये वृक्षिका नसलेल्या पेशींवर बहुधा एकच तंतू येतो, आणि वृक्षिका वाढल्या तसे येणारे तंतूही वाढतात, असं पर्व्हस आणि ह्यूम यांच्या कामातून दिसलं. कुंपणातली दारं मोजायला सांगते ती याचसाठी. दार म्हणजे येणाऱ्यांची सोय.

केशवाहिनीजवळ अगदी लहान पेशींचा पुंजका दिसला तर खुणेने ठेवा. अशा काही पेशी कॅटेकोलअमाइनने, म्हणजे नॉरअॅड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांनी, भरलेल्या असतात आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने विशिष्ट पद्धतीत लखलखतात. साध्या रंगात खात्री देता येत नाही, म्हणून जर्नलात ‘बहुधा’ लिहा.

वजडीतलं जाळं

आता चाचांकडून लहान आतड्याचा वीतभर तुकडा घ्या, स्वच्छ केलेला नको, फक्त आतून मिठाच्या सौम्य पाण्याने धुतलेला. लांबीत चिरून मेणाच्या ताटलीवर टाचण्यांनी ताणून बसवा, आतली बाजू वर. फॉर्मलिनमध्ये रात्रभर. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली आतलं अस्तर आणि त्याखालचा थर चिमट्याने सोलून काढा, मग आडव्या स्नायूंचे धागे एकेक करून. काम चिवट आहे, कोलंबी सोलण्यापेक्षा शंभरपट. शेवटी उभ्या स्नायूंचा पारदर्शक पापुद्रा उरतो आणि त्याला चिकटून येतं आउरबाखचं जाळं. 1860च्या दशकात त्याने ते दाखवलं. अस्तराखालचं दुसरं जाळं माइसनरने त्याआधी, 1857 मध्ये.

रंगासाठी रक्ताच्या स्लाइडींचा गिम्सा चालतो, बफरमध्ये पातळ करून रात्रभर. सकाळी 10 च्या लेन्सवर बघा: वाळत टाकलेल्या जाळ्यासारख्या चौकटी, आणि गाठीगाठीत निळ्या पेशींचे घोळके. मेणाच्या कापात हेच दोन स्नायूंच्या मधे फिकट ठिगळांसारखं दिसतं, आणि जाळं आहे हे कधीच कळत नाही.

साखळीच्या गँग्लिऑनशी तुलना करा. इथे आवरण नाही, आत संयोजी ऊती नाही, रक्तवाहिनी नाही. पेशींमधली जागा ग्लाया, म्हणजे आधार देणाऱ्या, पेशींनी घट्ट भरलेली, मेंदूसारखी. आणि या जाळ्यातल्या काही पेशी आपला तंतू उलट्या दिशेने, आतड्यातून पोटातल्या मोठ्या गँग्लिऑनकडे पाठवतात. म्हणजे त्या गँग्लिऑनला निरोप मज्जारज्जूकडूनही येतो आणि आतड्याकडूनही, आणि काही निर्णय मेंदूला न विचारता तिथल्या तिथे होतात.

जर्नल आणि कपाट

चित्र काढताना केंद्रक बाजूला, उपग्रह पेशींत फटी, वृक्षिकेचं फक्त बूड. सिनॅप्स काढू नका, दिसला नाही ना. स्लाइडच्या काचेवर हिरकणीच्या टोकाने प्राणी, जागा, कापाची जाडी, रंग आणि तारीख कोरा. पेनाची शाई झायलीनमध्ये निघून जाते, आणि पाच वर्षांनी ‘बकरा की कुत्रा’ असा वाद सुरू होतो. जूनच्या आधी लेन्सच्या पेटीत सिलिका जेल बदला आणि स्लाइडच्या कपाटात छोटा बल्ब जळता ठेवा. गणपतीच्या सुट्टीत लाइट गेली असेल तर परत आल्यावर पहिल्यांदा 40 ची लेन्स उजेडाकडे धरून बघायची. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजायची. तशी लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची.